पन्नास रुपयांच्या तिकिटातले त्र्याण्णव पैसे

केरळ लॉटरीचं साप्ताहिक तिकीट ५० रुपयांना मिळतं. पहिलं बक्षीस १ कोटी. ही तिकिटं १२ मालिकांत छापतात आणि प्रत्येक मालिकेत १००००० ते ९९९९९९ असे ९ लाख क्रमांक असतात. बारा नव्वे एकशे आठ, म्हणजे एकूण १ कोटी ८ लाख तिकिटं. आता १ कोटी रुपयांना १ कोटी ८ लाखांनी भागा. एका तिकिटाच्या वाट्याला ९३ पैसे येतात. ज्या बक्षिसाचा आकडा स्टॉलवरच्या फलकावर फूटभर अक्षरांत रंगवलेला असतो, ज्याच्याकडे बघून माणूस खिशात हात घालतो, त्याची त्या पन्नास रुपयांतली किंमत ९३ पैसे आहे.

त्याच तिकिटातला जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. तो तिकिटावर वेगळा लिहिलेला नसतो, छापील किमतीच्या आत दडलेला असतो. छापील किंमत १४० धरली तर १०० मूळ आणि ४० कर, असा हिशोब. सोपं करून सांगायचं तर दर ७ रुपयांतले २ रुपये कराचे. ५० रुपयांत १४ रुपये २९ पैसे. पहिल्या बक्षिसाच्या वाट्यापेक्षा पंधरा पटीने जास्त रक्कम करात जाते, आणि घेणाऱ्याला वाटत असतं की आपण एक कोटीचं स्वप्न विकत घेतलं.

लॉटरी गरिबांवर अन्याय करते का, हा वाद नेहमी दोनच वाक्यांवर अडतो. एक म्हणतो, कुणी बंदूक लावली होती का, स्वखुशीने घेतलं ना? दुसरा म्हणतो, गरिबाच्या आशेवर सरकार धंदा करतं. दोघंही तिकीट उलटं करून बघत नाहीत. माझं मत असं की गरिबाने लॉटरी घ्यावी की नाही हा प्रवचनाचा विषय आहे, त्यातून काही निघत नाही. बघायचं ते असं: रुपयातले किती पैसे परत येतात, आलेले पैसे पुन्हा लावायला किती वेळ लागतो, आणि मधल्या मध्ये जे कापलं जातं ते कुणाच्या खिशातून. या अंगाने बघितलं की उत्तर लॉटरीगणिक बदलतं, आणि काही उत्तरं सरकारला लाजवणारी निघतात.

आपल्याकडच्या मटक्यापासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रात सरकारी लॉटरी आली तेव्हा सांगितलेलं एक मोठं कारण मटकाच होता. आधी हा आकड्यांचा जुगार कापसाच्या भावावर चालायचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे, त्यावर पैसे लागायचे. तिथून भाव येणं थांबलं तेव्हा काल्पनिक भाव काढायची युक्ती निघाली. मडक्यातून चिठ्ठ्या काढायच्या, पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा न्यू वरळी मटका सुरू झाला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द त्या कापसाच्या भावांचे, ते अजून टिकून आहेत. गिरणगावात पाळी सुटली की आकडा काय आला ही चौकशी ठरलेली असायची. १९६९ मध्ये राज्याने आपली लॉटरी काढली. लोकांचा पैसा बेकायदा अड्ड्यांवर जाण्याऐवजी सरकारी तिजोरीत यावा, हा त्यामागचा हिशोब. केरळने त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६७ मध्ये, लॉटरी खातं काढलं होतं आणि तिथलं पहिलं तिकीट १ रुपयाचं होतं.

आता दोन्हींचा भाव काढा. मटक्यात एकेरी आकड्याला एकाला नऊ. शून्य ते नऊ असे दहा आकडे, त्यातला एक येणार. दहा रुपये लावले आणि आकडा लागला तर नव्वद. दहातून एकदा लागणार, म्हणजे सरासरीने रुपयातले ९० पैसे परत. जोडीला नव्वद. ०० ते ९९ अशा शंभर जोड्या, म्हणजे तिथेही ९० पैसेच. खायवळ, म्हणजे आकड्यांवर पैसे घेणारा बुकी, दहा टक्के ठेवतो. अर्थात सोडत प्रामाणिक असेल तर, आणि ती प्रामाणिक असल्याची हमी कुणीच देत नाही. ज्या आकड्यावर कमी पैसा बसलाय तोच काढला जातो, असं खेळणारेच म्हणतात आणि तरी खेळतात.

सरकारी तिकिटात काय होतं? १०० रुपयांतले २८ रुपये ५७ पैसे आधीच करात गेले. उरले ७१ रुपये ४३ पैसे. त्यातून विक्रेता, एजंट, वितरक यांचं कमिशन, छपाई, वाहतूक, जाहिरात आणि राज्याचा नफा. एवढं भागवून बक्षिसांना साठ रुपये उरवायचे म्हटले तरी ओढाताण होते. पन्नास-पंचावन्न धरणं व्यवहाराला धरून आहे. पुन्हा त्यातल्या १०,००० च्या वरच्या बक्षिसांवर ३० टक्के कर जागेवर कापतात. म्हणजे खेळणाऱ्यांच्या हातात प्रत्यक्ष येतात ते शंभरातले चाळीस-पन्नास.

थोडक्यात, मटक्यापासून गरिबाला वाचवायला काढलेली योजना रुपयामागे मटक्यापेक्षा पाचपट-सहापट कापून घेते. मटकेवाल्याला हा दर सांगितला तर तोही म्हणेल, एवढं आम्हाला पचत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. सरकारला ती भीती नाही, कारण जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) खाली पकडला जातो तो दुसरा माणूस.

यावरून मटका बरा असा अर्थ कुणी काढू नये. इथे वेगाचा मुद्दा येतो, आणि गरिबाचं घर बुडतं ते बहुतेक वेळा वेगामुळे. ९० पैसे परत हे एका फेरीचं गणित आहे. आलेले पैसे माणूस पुन्हा लावतो. शंभर रुपये पहिल्या फेरीत सरासरी ९० होतात, दुसऱ्यात ८१, सातव्या फेरीला ४८. म्हणजे मटक्याच्या सात फेऱ्या आणि कागदी लॉटरीचं एक तिकीट, नुकसान साधारण सारखंच. फरक असा की कागदी तिकिटाचा निकाल लागेपर्यंत दिवस जातो आणि मटक्याच्या सात फेऱ्या कल्याण, मिलन, राजधानी अशा वेगवेगळ्या नावांच्या मटक्यांवर दोन-तीन दिवसांत संपतात. शिवाय मटका उधारीवर चालतो. आज लाव, पगाराला दे. कागदी तिकीट सहसा रोखीने मिळतं आणि ही रोख तिकिटाची सर्वांत मोठी सभ्यता आहे. खिशात नसेल तर खेळ थांबतो.

ज्याला अजूनही ‘ऑनलाइन लॉटरी’ म्हणतात ती दुकानं या दोघांच्यापेक्षा वाईट. रेल्वे स्टेशनबाहेर, भाजी मंडईमागे, काळ्या काचेच्या आत पडदा लावलेला आणि दर पंधरा मिनिटांनी निकाल. समजा तिथे रुपयाला ८० पैसे परत मिळतात. दोन तासांत आठ निकाल. शंभराचे ८०, ६४, ५१ असं उतरत आठव्या निकालाला १७ रुपये उरतात. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आत गेलेला हमाल संध्याकाळी बाहेर येतो तेव्हा दिवसाची हजेरी गेलेली असते, आणि त्याला वाटत राहतं की मी मधे दोनदा जिंकलोही होतो. तो खरंच जिंकलेला असतो. त्याने काही फरक पडत नाही.

१९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने हे ओळखलं होतं. त्याच्या कलम ४ मध्ये एक आकडी लॉटरीला बंदी आहे. कारण उघड आहे: एका आकड्यावर बक्षीस म्हणजे सरकारी शिक्क्याचा मटका. त्याच कलमात एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नको, वर्षाला सहापेक्षा जास्त बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या खास सोडती, नकोत, तिकिटावर राज्याचा शिक्का आणि बोधचिन्ह हवं, सोडत राज्याने स्वतः आणि राज्याच्या हद्दीतच काढायची, अशा अटी आहेत. कागदावर चांगला कायदा. पण ‘एका लॉटरीची’ या शब्दात पळवाट आहे. सोमवारच्या लॉटरीला एक नाव, मंगळवारच्या लॉटरीला दुसरं. सात नावं ठेवली की आठवड्याची सोडत रोजची झाली. नागालँडची ‘डियर’ तिकिटं तर दुपारी १, संध्याकाळी ६ आणि रात्री ८ अशा तीन वेळांना निघतात, सहा रुपयांच्या तिकिटाला एक कोटीचं बक्षीस दाखवून. सहा रुपये ही किंमत कुणाच्या खिशाचं माप घेऊन ठरवली असेल, हे सांगायला नको.

नावांचंही एक शास्त्र आहे. आपल्या राज्याच्या तिकिटांची नावं वाचा: अर्ध्यांत लक्ष्मी सापडेल. एखाद्या म्युच्युअल फंडाने योजनेला लक्ष्मीचं नाव देऊन खाली जोखमीचा इशारा गाळला तर सेबी दारात येईल. इथे इशारा छापायची गरजच नाही.

आता खिशाकडे येऊ. आठवड्याला ५० ची तीन तिकिटं घेणारा माणूस धरा. फार नाही, नेमाने घेणाऱ्यांत हा मध्यम समजला जाईल. १५० गुणिले ५२, वर्षाला ७,८०० रुपये. महिना १५,००० कमावणाऱ्या वॉचमनच्या वार्षिक उत्पन्नाचे ते सव्वाचार टक्क्यांहून थोडे जास्त. महिना एक लाख कमावणाऱ्याने तेवढीच तिकिटं घेतली तर पाऊण टक्क्याहूनही कमी. तिकिटाची किंमत दोघांना सारखी, बोजा साडेसहा पट. अर्थशास्त्रात याला प्रतिगामी कर म्हणतात. उत्पन्न कमी तितका टक्का जास्त.

त्या ७,८०० मध्ये जीएसटी किती? सातातले दोन, म्हणजे सुमारे २,२२९ रुपये. आणि २०२५–२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य आहे. म्हणजे महिना लाख कमावणारा आयकरात काही भरत नाही, आणि वॉचमन नुसत्या तिकिटांतून सव्वादोन हजार भरतो. दोघंही किराण्यावर जीएसटी भरतात हे खरं, पण किराण्याच्या बदल्यात डाळ तरी मिळते.

‘हा पापकर आहे, व्यसनावर जास्तच हवा,’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सिगारेटवर कर वाढला की पाकीट महाग होतं, माणूस कुरकुरतो, काही जण दोन कमी ओढतात. कर वाढवण्यामागचा हेतूच तो. लॉटरीत तसं होत नाही. जीएसटी २८ वरून ४० वर गेला तेव्हा केरळने तिकीट ५० रुपयांवरच ठेवलं आणि कात्री लावली कमिशनला आणि बक्षिसांना. फलकावरचा एक कोटी तसाच राहिला. खालची छोटी बक्षिसं थोडी कमी झाली, आणि ती मोजत कोण बसतं? म्हणजे कर तिकीट घेणाऱ्याच्या अंगाला लागला, डोळ्याला दिसला नाही. जो कर दिसत नाही तो व्यसन कमी करत नाही, फक्त वसूल होतो. २८ टक्क्यांचा एकच दरसुद्धा सहज ठरला नव्हता. आधी राज्याने स्वतः चालवलेल्या लॉटरीला १२ आणि राज्याच्या परवान्यावर दुसऱ्यांनी चालवलेल्या लॉटरीला २८ असे दोन दर होते, आणि १८ डिसेंबर २०१९ ला जीएसटी परिषदेत पहिल्यांदाच मतदान झालं ते या प्रश्नावर. त्या मतदानात वाद राज्या-राज्यांच्या वाट्याचा होता. तिकीट घेणाऱ्याचा वाटा तिथे चर्चेला नव्हता.

छोट्या बक्षिसांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो, कारण खरी चूल तिथे पेटते. मोठं बक्षीस पूर्ण क्रमांकावर असतं, छोटी बक्षिसं शेवटच्या चार आकड्यांवर. शेवटच्या चार आकड्यांचे दहा हजार प्रकार. तुमच्या तिकिटावर ४५२७ आहे आणि निकालात ४५७२ आला तर तुम्ही म्हणता, ‘हुकलं, उलटसुलट झालं.’ यंत्राला जवळ-लांब कळत नाही. ४५७२ च्या जागी ००१३ आला असता तरी तुम्ही तेवढेच लांब होता. पण ‘एका आकड्याने गेलं’ ही भावना पुढचं तिकीट विकते. मूळ क्रमांक तोच पण मालिका दुसरी असेल तर उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं, त्यातही हीच गंमत. आणि ५० किंवा १०० रुपयांचं बक्षीस लागलं तर रोख क्वचितच घरी जातं. विक्रेता विचारतो, नवी तिकिटं देऊ का? माणूस हो म्हणतो. ते पैसे बक्षीस म्हणून मोजले गेले, घरात मात्र आले नाहीत.

बक्षिसावरच्या कराचा नियम तर गरिबाला उलटा बसतो. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर आहे, वर ४ टक्के उपकर, मोठ्या रकमेवर अधिभार. पगाराला जशा पायऱ्या असतात तशा इथे नाहीत, आणि करमुक्त मर्यादा या उत्पन्नाला लागत नाही. बक्षीस १०,००० च्या वर असेल तर देणाराच ३० टक्के कापून देतो. कापतो ते पूर्ण रकमेवर, वरच्या भागावर नाही. त्यामुळे १०,००० चं बक्षीस लागलेल्याला १०,००० मिळतात आणि १२,००० चं बक्षीस लागलेल्याला ८,४००. कागदावर दहा हजारवाल्यानेही ते उत्पन्न दाखवून कर भरायचा असतो, ते वेगळं. ज्याने आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही त्याच्या दृष्टीने कापलेली रक्कम गेली ती गेलीच.

याहून कडक भाग खर्चाचा. एखाद्याने वर्षात ७,८०० ची तिकिटं घेतली आणि १२,००० चं बक्षीस लागलं. नफा ४,२०० चा. कर मात्र पूर्ण १२,००० वर, म्हणजे ३,६००, कारण तिकिटांचा खर्च वजा धरत नाहीत. हातात राहिले ६०० रुपये. शेअरच्या सट्ट्यात बुडालेला पैसा पुढच्या वर्षांत वळता करता येतो, वायदेबाजारात दलालीसुद्धा वजा मिळते. तिकिटाला यातलं काही नाही. दोन्ही सट्टेच, पण ज्याच्याकडे डीमॅट खातं आहे त्याच्या सट्ट्याला कायद्याने खर्च मान्य केला आहे.

मोठ्या बक्षिसातही फलकावरचा आकडा आणि हातातला आकडा वेगळा असतो. २०२२ च्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस २५ कोटी होतं. एजंटचं कमिशन १० टक्के गेलं, उरले साडेबावीस कोटी. त्यावर ३० टक्के कापले, हातात १५ कोटी ७५ लाख. अधिभार आणि उपकर त्यानंतर. ज्याला हे आधी माहीत नसतं तो पंचवीस कोटींच्या हिशोबाने शब्द देऊन बसतो आणि मार्चमध्ये सीए शोधतो.

चुकून लागलंच तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. तिकिटाच्या मागे लगेच सही, नाव, पत्ता लिहा. कोरं तिकीट ज्याच्या हातात त्याचं. दोन्ही बाजूंचा फोटो आणि झेरॉक्स काढा. निकाल यूट्यूबवर किंवा विक्रेत्याकडून ऐकून थांबू नका, राज्याच्या लॉटरी खात्याच्या निकालपत्राशी मालिका, क्रमांक आणि सोडतीची तारीख तिन्ही जुळवा. मागणीची मुदत मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. मुदत टळली की रक्कम राज्याची होते, तसं कायद्यातच आहे. आधार, पॅन आणि बँक खातं लागेल. आणि ‘कर कशाला भरतोस, तिकीट मला दे, जास्त रोख देतो’ असं म्हणणारा माणूस येईल. त्याला काळा पैसा पांढरा करायचा असतो. बक्षीस त्याच्या खात्यात अधिकृत जमा होतं आणि तुमच्या घरात हिशोब न देता येणारी रोकड पडून राहते. व्हॉट्सअॅपवर पंचवीस लाख लागल्याचा निरोप आला तर मात्र एकच प्रश्न पुरे: तिकीट कुठे घेतलं होतं?

विकणाऱ्याकडेही बघायला हवं, कारण बोजा फक्त घेणाऱ्यावर नाही. कागदी तिकिटं विकणाऱ्यांत अंध, अपंग, म्हातारी माणसं मोठ्या संख्येने दिसतात. उन्हात फिरता येतं, भांडवल थोडं लागतं, शिक्षण लागत नाही. केरळात सोडत दुपारी तीनला तिरुवनंतपुरमच्या गॉर्की भवनात असते, आणि तीन वाजता हातात उरलेलं प्रत्येक तिकीट रद्दी. ते परत घेत नाहीत. पावसाच्या दिवशी गिऱ्हाईक नसेल तर त्या दिवसाचं कमिशन आणि वर पदरचे पैसे जातात. जीएसटी वाढला तेव्हा कमिशनला लागलेली कात्री याच माणसांना लागली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, तेही लोकांनी पाहिलं. मार्च २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांचे तपशील बाहेर आले तेव्हा सर्वांत मोठी खरेदीदार निघाली ती लॉटरी वितरणातली फ्यूचर गेमिंग अँड हॉटेल सर्व्हिसेस ही कंपनी, १,३६८ कोटींची.

केरळची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तिथे खाजगी मध्यस्थ कंपनी नाही, राज्य स्वतः चालवतं, विक्रेत्यांसाठी कल्याण मंडळ आहे, आणि कारुण्य लॉटरीचा पैसा कॅन्सर, डायलिसिस, हृदयविकाराच्या रुग्णांच्या मदतीला जातो. हे खोटं नाही. फक्त पैसा कुठून कुठे गेला ते बघा. कोट्टायमच्या रिक्षावाल्याने तिकीट घेतलं, त्यातून कोळिकोडच्या मच्छीमाराचं डायलिसिस झालं. एका गरिबाने दुसऱ्या गरिबाला मदत केली, आणि मधल्या प्रत्येकाने आपलं कमिशन घेतलं. ज्यांच्या बंगल्यांसमोरून ती रिक्षा जाते त्यांच्यावर या मदतीचा भार पडला नाही. शिवाय लॉटरीतून ‘इतके हजार कोटी मिळाले’ असा जो आकडा वर्तमानपत्रात येतो ती ढोबळ विक्री असते. बक्षिसं आणि कमिशन खर्चाच्या बाजूला दाखवलेली असतात. निव्वळ उरतं ते त्या आकड्याचा लहानसा भाग. रुपया गोळा करायला इतका खर्च येणारा दुसरा कर शोधून सापडणार नाही.

मग बंदी घालावी का? तमिळनाडूने २००३ मध्ये घातली, कर्नाटकाने २००७ मध्ये. यात कायद्याची एक गाठ आहे. राज्यांच्या लॉटऱ्या घटनेच्या केंद्र सूचीत आहेत आणि जुगार राज्य सूचीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात सांगितलं की एखाद्या राज्याला इतर राज्यांची तिकिटं बंद करायची असतील तर आधी स्वतःची लॉटरी बंद करावी लागेल. स्वतःचं दुकान चालू ठेवून शेजाऱ्याचं बंद करता येणार नाही. म्हणून महाराष्ट्राचं तिकीट छापलं जातं तोवर ईशान्येकडच्या राज्यांची तिकिटंही राहणार. आणि बंदीने मागणी मरत नाही. २०२३ च्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस तमिळनाडूच्या मंडळींना लागलं, तिकीट सीमेलगतच्या वालयारचं होतं. बेळगाव-निपाणीकडे लॉटरी नाही, पण मटका अड्ड्यांवर छाप्यांच्या बातम्या तिथल्या मराठी पेपरांत नित्याच्या आहेत. मला बंदी हा आळशी उपाय वाटतो. कागदी तिकीट गेलं की गिऱ्हाईक रोखीच्या, सावकाश खेळाकडून उधारीच्या, वेगवान खेळाकडे जातं.

मुळात माणूस तिकीट का घेतो, हे मूर्खपणा म्हणून सोडून दिलं की पुढचं काही दिसत नाही. रोज वीस रुपये घरात बाजूला ठेवले तर ते राहत नाहीत. पोराची वही, शेजारणीची उसनवारी, पावणा आला. आणि गरज असते ती एकरकमी: मुलीचं लग्न, खोलीचं डिपॉझिट, ऑपरेशन, रिक्षा. बँक तारण मागते, सावकार महिन्याला पाच टक्के. कमावत्या आयुष्यात कधीतरी एक मोठी रक्कम एकदम हातात येईल असा रस्ता त्याला फक्त तिकिटावर छापलेला दिसतो. ते गणितात चुकीचं आहे, पण गरज खरी आहे.

हीच गरज आपल्याकडे चिठ्ठी भिशी भागवते. वीस जण, महिना हजार, दर महिन्याला चिठ्ठी उचलून एकाला वीस हजार. नशीब इथेही आहे, चिठ्ठीची धडधड इथेही आहे. पण नशिबाने फक्त पाळी ठरते, रुपयाचे शंभर पैसे प्रत्येकाला परत मिळतात. भिशी मोडते ती दोन ठिकाणी: आधी उचललेला पुढचे हप्ते बुडवतो, किंवा चालवणारा पळतो. म्हणून ओळखीचेच लोक घ्या, वीसच्या वर जाऊ नका, पहिल्या दोन-तीन पाळ्या पक्क्या माणसांना द्या, वहीवर दर महिन्याला सह्या घ्या. ‘चिठ्ठी लागली की पुढचे हप्ते माफ’ अशी लकी ड्रॉ योजना कुणी आणली तर ती भिशी नव्हे. ती १९७८ च्या कायद्याने बंद केलेली बक्षीस चिट आहे आणि शेवटच्यांच्या पैशावर पहिल्यांची चैन आहे.

सरकारलाही हे जमू शकतं, एकदा केलेलं आहे. १९६० मध्ये केंद्राने ५ आणि १०० रुपयांचे बिनव्याजी बक्षीस रोखे काढले होते. व्याज नाही, त्याऐवजी सोडतीत बक्षीस, आणि पाच वर्षांनी मुद्दल परत. ब्रिटनमध्ये १९५६ पासून असेच प्रीमियम बाँड आहेत आणि ते आजही चालू आहेत. हरलेल्याचं व्याज जातं, मुद्दल जात नाही.

तोवर हाताशी आहे ते पोस्टाचं आवर्ती खातं. महिना १०० पासून उघडतं. वर जो वॉचमन धरला त्याचे ७,८०० म्हणजे महिन्याला ६५०. त्यातले ६०० जरी ६.७ टक्के दराने पाच वर्षं टाकले तर भरलेले ३६,००० आणि मिळणारे सुमारे ४२,८००. राहिलेल्या पन्नास रुपयांत महिन्याला एक तिकीट घेता येतं, आणि एक तिकीट घेणाऱ्याला माझं काही म्हणणं नाही. पोस्टात जायला वेळ नसेल तर पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज गाड्यावर येतोच. व्याज कमी देतो, आणि बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आत मोडली तर व्याजाऐवजी उलट काहीतरी कापून घेतात, ते आधी विचारून घ्या.